‘आपणास हा अधिकार कोठून?’

आरोपी न्यायासनापुढे उभा राहतो तेव्हा, ‘मी गुन्हा केला नाही’ असे म्हणण्याआधी त्याला दुसराच प्रश्न उपस्थित करता येतो : माझा न्याय करण्याचा अधिकार आपणास कोठून आला? विधिज्ञ याला अधिकारक्षेत्राची हरकत म्हणतात. अमली पदार्थांचा व्यापार देशोदेशींच्या सीमा ओलांडून चालत असल्याने या खटल्यांत ती वारंवार घेतली जाते. व्याख्यानात वेळेअभावी राहून गेलेला हा मुद्दा येथे थोडक्यात मांडतो.

पनामाचे लष्करशहा मॅन्युएल नोरिएगा यांच्यावर, पैसे घेऊन कोकेनची वाहतूक होऊ दिल्याचा आरोप १९८८ साली अमेरिकेतील मायामी येथे ठेवण्यात आला. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकी सैन्य पनामात उतरले आणि ३ जानेवारी १९९० रोजी नोरिएगा शरण आले. त्यांच्या वकिलांचे म्हणणे असे : कृत्ये घडली ती पनामात, आरोपी हा राष्ट्रप्रमुख, आणि त्याला आणले तेही परक्या भूमीवर आक्रमण करून! न्यायालयाने उत्तर दिले की, त्या कृत्यांचा परिणाम अमेरिकेत व्हावा हाच हेतू होता. राष्ट्रप्रमुख म्हणून अमेरिकेने त्यांना कधी मान्यताच दिली नव्हती. (ही मान्यता देणे-न देणे फिर्यादी सरकारच्याच हाती, हेही ध्यानात घ्यावे.) १९९२ मध्ये ते दोषी ठरले व त्यांना ४० वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली.

तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. तीच सर्वांत सहज फेटाळली गेली. पेरू देशातून बळजबरीने आणलेल्या एका आरोपीच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्येच ठरविले होते की, आरोपी समोर कसा आला याने न्यायालयाचा अधिकार जात नाही. अमली पदार्थविरोधी खात्याच्या एका अधिकाऱ्याच्या हत्येच्या प्रकरणात मेक्सिकोतील एका डॉक्टरांना १९९० साली पळवून अमेरिकेत आणले गेले. प्रत्यार्पण करारात अपहरणास मनाई नाही, सबब खटला चालावा, असा निर्णय त्याच न्यायालयाने जून १९९२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. खटला चालला, आणि डिसेंबरात पुरावा अपुरा म्हणून डॉक्टर निर्दोष सुटले. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने मात्र १९९३ मध्ये उलट वाट धरली : प्रत्यार्पणाची रीत पोलिसांनी जाणूनबुजून डावलली असेल, तर न्यायालयाने खटला चालविण्यास नकार द्यावा.