सामान येईपर्यंतचा संसार

१९४८ नंतर मुंबई-कुलाब्याकडून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल (मराठी भाषक ज्यू) कुटुंबांपैकी काहींचा पहिला मुक्काम ‘मआबारा’ या तात्पुरत्या छावण्यांत पडला. १९५० पासून उभारलेल्या या छावण्यांची वस्ती पुढल्याच वर्षी दोन लक्षांवर गेली होती. जहाजाने येणारे सामान हाती पडेपर्यंत, आणि पुष्कळांच्या बाबतीत तर त्यानंतरही, कापडी तंबूत अथवा पत्र्याच्या खोलीत मांडलेल्या त्या संसाराचा मुख्य आधार म्हणजे नवागतांची व्यवस्था पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सी या संस्थेच्या कोठारातून मिळालेली लोखंडी खाट, गादी व घोंगडी एवढाच सरंजाम असे. त्याआधी जर्मनीहून आलेल्या ज्यूंनी सामानाच्या प्रचंड लाकडी पेट्यांचाच खोलीसारखा उपयोग केला होता. स्थलांतराच्या इतिहासात एजन्सीच्या या खाटेची दखल सरकारी फर्मानांइतक्याच अगत्याने घेतली जावयास हवी.