बिल्ला चालकाचा, ब्रेक कोणाचा?

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरलेले असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिला फार प्रेमाने निरोप दिला. पण इतकी वर्षे या गाड्या धावण्याजोग्या ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणी उचलली, हा प्रश्न त्या निरोपात हरवला. तो मला आजही महत्त्वाचा वाटतो.

लायसन्स आणि बिल्ला चालकाचा, परमिट मालकाचे आणि पासिंगच्या दाखल्यावर सही मोटार वाहन निरीक्षकाची, अशी ही विभागणी जुनीच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ती नीट बांधली. कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर प्रवासी वाहनाची नोंदणीच वैध धरत नाहीत. कलम ८४ परमिटधारकाला बजावते की गाडी सदासर्वकाळ सुस्थितीत हवी, नुसती तपासणीच्या दिवशी नव्हे. कलम १९० तर गाडी चालवणारा आणि चालवू देणारा दोघांनाही धरते. दोष ठाऊक होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी १,५०० रुपये दंड आहे आणि अशा गाडीने अपघात होऊन कोणाला इजा झाली, तर तुरुंगवासही होऊ शकतो.

कागदावर हे चोख आहे. रस्त्यावर काय झाले?

१९९७ मध्ये राज्याने नवी टॅक्सी परमिटे देणे थांबवले आणि ही बंदी उठायला २०१७ उजाडले. या वीस वर्षांत परमिट ही हातची सोडायची वस्तू राहिली नाही. परमिट एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याच्या हाती आणि तीही दोन पाळ्यांत दोघांच्या, हे सर्रास झाले. चालकाने पाळीचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे, गॅस आपला भरायचा आणि उरेल ते घरी न्यायचे. अशा गाडीचा ब्रेक बसू लागला, की पहिल्यांदा कळते ते चालकाच्या पायाला. पद्मिनीचे ड्रम ब्रेक; लायनर झिजले की पेडल खाली जायचे, दोनदा-तीनदा मारल्याशिवाय धरायचे नाही. चालक मालकाला सांगायचा. "पासिंगला आली की करून घेऊ," हे त्यावरचे ठरलेले उत्तर. खर्च मालकाचा, गाडी गॅरेजात उभी राहिली तर पाळी चालकाची बुडणार. मग तो तशीच गाडी बाहेर काढायचा. कायदा त्यालाही दोषी धरतो, आणि धरायलाच हवे, कारण मागे प्रवासी बसलेला असतो. मात्र नादुरुस्त गाडी नाकारली म्हणून बुडालेली कमाई त्याला कोणी द्यायची, याबद्दल कायदा बोलत नाही. माझ्या मते सगळी गडबड इथेच आहे.

आणि पासिंगचे तरी काय? त्या दिवसापुरते रंग मारून, मीटरचे सील पाहून, कधी उसने टायर चढवून गाडी उभी केली जायची, हे धंद्यातला कोणीही सांगेल. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी २०१३ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा हा विषय गप्पांतून कोर्टात आला. ब्रेकची चाचणी घ्यायची तर गाडी पळवून थांबवून पाहावी लागते आणि त्यासाठी २५० मीटरचा ट्रॅक लागतो. कितीतरी आरटीओंकडे तो नव्हताच. म्हणजे गाडी धड न पळवताच दाखले दिले जात होते! न्यायालयाने ट्रॅक बांधायला लावले, जिथे ट्रॅक नाही तिथे पासिंग थांबवले आणि पुढे काही निरीक्षक निलंबितही झाले. एका नागरिकाने चिकाटीने धरून ठेवलेल्या या याचिकेचे ऋण मुंबई-पुण्याच्या प्रत्येक प्रवाशावर आहे. ते आपण पुरेसे मानलेले नाही.

सरकारचा त्यानंतरचा भर मात्र दंडावर राहिला. पासिंगला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, या आकारणीविरुद्ध रिक्षा-टॅक्सी संघटना पेटून उठल्या. त्यांचा राग मला समजतो. महिनोन्‌महिने थकलेली ही रक्कम भरायची, की त्याच पैशांत लायनर बदलायचे, हा हिशेब गरिबाच्या घरी फार कठीण असतो.

लायसन्सच्या बाजूने उलट सैलावणे आले. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे प्रवासी वा मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीविना चालवता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कायम केले. अशा चालकांमुळे अपघात वाढल्याची आकडेवारी कोणी समोर ठेवली नाही, असेही पीठाने नोंदवले. मला हा निकाल योग्य वाटतो. निव्वळ एका शिक्क्यावर बोट ठेवून विमा कंपन्या अपघातग्रस्तांची भरपाई अडवत होत्या.

दरम्यान ॲपवरच्या गाड्या आल्या. इथे चालक आणि मालक बहुधा एकच, कर्जाचे हप्तेही त्याचेच, म्हणून ब्रेकचा प्रश्न वरवर सुटल्यासारखा दिसतो. पण भाडे ठरवते कंपनी, कमिशन कापते कंपनी. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी या कंपन्यांना गाडीची कागदपत्रे तपासायला, चालकाला सुरुवातीला ३० तासांचे प्रशिक्षण द्यायला आणि त्याचे काम दिवसाला १२ तासांत थांबवायला सांगितले. २०२५ च्या नव्या सूचनांनी आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी घ्यायला मनाई केली. हे स्वागतार्ह आहे. तरी तीन वर्षांच्या गाडीचेही लायनर झिजतात आणि ते बदलण्याचा खर्च आजही एकट्या चालकाच्याच खिशातून जातो. प्रत्येक फेरीतून कंपनी जे कमिशन कापते, त्यातला ठरावीक वाटा त्या गाडीच्या देखभालीसाठी राखून ठेवण्याची अट परवान्यातच घालायला हवी, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या परमिटधारकालाही पाळीच्या पैशांबाबत तीच लागू व्हायला हवी.