सौर पॅनेलची कार्यक्षमता आणि घरगुती संचाचा खर्च

'कार्यक्षम' हे विशेषण व्यवहारात आपण चोख काम करणाऱ्या माणसास लावतो. पदार्थविज्ञानात 'कार्यक्षमता' हे एक गुणोत्तर होय : पॅनेलवर पडलेल्या प्रकाशऊर्जेपैकी जेवढ्या अंशाची वीज होते, तो अंश. या दोन अर्थांची गल्लत झाली, की अधिक कार्यक्षम पॅनेल म्हणजे अधिक वीज असे समजून एखादे कुटुंब जादा पैसे मोजते. यास्तव या संज्ञेचा खर्चाशी असलेला संबंध तपासणे अगत्याचे आहे.

पॅनेलची चाचणी दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सौरघटाचे २५ अंश सेल्सिअस तापमान या प्रमाणित स्थितीत होते. या स्थितीत २० टक्के कार्यक्षमतेचे एक चौरस मीटर पॅनेल २०० वॅट देते. १५ टक्क्यांचे १५० वॅट. अर्थात ३ किलोवॅटच्या संचास पहिल्या प्रकारात १५, तर दुसऱ्यात २० चौरस मीटर पॅनेल लागते. वीज मात्र दोहोंपासून जवळजवळ सारखीच मिळते. कारण किलोवॅटच्या आकड्यात कार्यक्षमता आधीच हिशेबात धरलेली असते.

मग बचत कोठे होते? इन्व्हर्टरचा खर्च किलोवॅटनुसार ठरतो. सांगाडा, तारा व मजुरी यांचा खर्च बऱ्याच अंशी क्षेत्रानुसार. कार्यक्षमता वाढल्याने कमी होतो तो मुख्यतः हा दुसरा खर्च. ही बचत पॅनेलच्या जादा किमतीहून मोठी असेल, तरच महाग पॅनेल परवडते. १९५४ साली बेल प्रयोगशाळेने दाखविलेल्या सिलिकॉन सौरघटाची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज २० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची पॅनेल बाजारात सर्रास मिळतात. २० व २२ टक्क्यांच्या पॅनेलांत ३ किलोवॅटमागे फरक पडतो तो जेमतेम दीड चौरस मीटरचा. २०२४ साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेचे अनुदानही किलोवॅटवरच ठरते.

तथापि गच्ची लहान असेल, अथवा पाण्याच्या टाकीची व जिन्याची सावली बरीच जागा व्यापत असेल, तर तोच दीड मीटर मोलाचा ठरतो. तेथे अधिक कार्यक्षमतेसाठी जादा किंमत देणे सयुक्तिक होय. ऐसपैस गच्चीच्या धन्याने मात्र दर वॅटची किंमत, उन्हाने पॅनेल तापल्यावर घटणारे उत्पादन आणि हमीची मुदत हे तीन आकडे आधी विचारावेत.