मोंजिनी बंधूंचे नाव आणि अंड्याविना केक

म्हैसूरच्या चेलुवांबा प्रासादात 1950 पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था नांदत आहे. पीठ आणि भट्टी यांचे तिथे शास्त्र होते, हे कळल्यावर मुंबईच्या मोंजिनी या जुन्या केकवाल्याकडे मी नव्या जिज्ञासेने पाहू लागलो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कोट विभागात मोंजिनी नावाचे दोन इटालियन बंधू युरोपीय रहिवाशांना खानपान पुरवीत. अशा इटालियन हलवायांची परंपरा या देशात त्याआधीच रुजली होती: ज्या 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला, त्याच साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या तैनातीत फेडेरिको पेलिटी आला आणि 1872 मध्ये व्हाइसरॉयची हत्या झाल्यावर त्याने कलकत्त्यात व सिमल्यात स्वतःचा व्यवसाय थाटला. पेलिटी आज इतिहासाच्या अभ्यासकांपुरता उरला आहे. मोंजिनींचे नाव मात्र गल्लोगल्लीच्या पाट्यांवर आहे, कारण 1950 च्या दशकात खोराकीवाला कुटुंबाने तो व्यवसाय हाती घेतला आणि 1971 पासून दुकाने मक्त्याने देण्याची, माल त्या त्या भागातच तयार करण्याची रीत पाडली. साहेबांच्या मेजवानीतला केक कारकुनाच्या घरातील वाढदिवसापर्यंत पोहोचला, याचे श्रेय मी या निर्णयाला देतो.

परंतु मला खरी मोहिनी घातली ती अंड्याविना केकने. अंड्याचा बलक तेल-पाण्याचा मेळ घालतो, फेटलेल्या पांढऱ्यात हवा कोंडली जाते, आणि भट्टीच्या उष्णतेने प्रथिने गोठून केकचा सांगाडा उभा राहतो. एवढी कामे एकटा करणारा पदार्थ काढून घेतला की सारा डोलारा बसण्याची भीती. मग दह्याच्या आंबटपणाला सोड्याची जोड देऊन वायू निर्माण करावा लागतो, आटवलेल्या दुधातील प्रथिनांवर आणि पिठातील फुगणाऱ्या पिष्टावर विसंबावे लागते. शाकाहारी गुजराती व जैन शेजाऱ्यांच्या शहरात ही केवळ पाकक्रिया नसून एकाच मेजाभोवती सर्वांना बसविण्याची सोय आहे. दुकानातला कारागीर तयार केकवर कागदी कोनातून चॉकलेटने ‘चि. सई’ असे लिहितो, तेव्हा खोडण्याची मुभा नसलेली ती रेघ थरथरू नये म्हणून क्षणभर श्वास रोखतो. या हस्तकौशल्याची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही.

या व्यवसायाची खरी अडचण साय आहे. ताज्या क्रीमला साधारण चार-पाच अंशांचा गारवा लागतो, आणि मुंबईचे दमट हवामान, पावसाळ्यातली तुंबलेली वाहतूक व मध्येच जाणारी वीज या तिन्ही गोष्टी त्या गारव्याच्या वैरी आहेत. दूरच्या एकाच कारखान्यातून गावोगावी माल पाठवणे त्यामुळे दुष्कर, म्हणून प्रत्येक भागात भट्टी. आणि जितक्या भट्ट्या, तितकी चव सारखी राखण्याची जिकीर. वाढदिवस संध्याकाळीच साजरा होत असल्याने मागणीही संध्याकाळीच लोटते, आणि रात्री उरलेला केक दुसऱ्या दिवशी ताजा म्हणून विकता येत नाही. आता घरोघरच्या गृहिणी हव्या त्या आकाराचा केक फोनवरून मागणी घेऊन करून देतात. त्यांना न दुकानाचे भाडे, न रात्रीच्या शिलकीची धास्ती. त्यांच्याशी स्पर्धा करताना दुकानदाराने पहिली काटकसर क्रीममध्ये करू नये, वनस्पती तुपाच्या फेसाने ताज्या सायीची जागा बळकावू नये, एवढीच माझी कळकळ आहे.