देवडीवर पहारेकरी किती?

जुना वाडा तुम्ही आतून पाहिला आहे का? मोठ्या दरवाजातून आत शिरले की देवडी लागते. तेथे पूर्वी पहारेकरी बसत. कोण आले, कोणाकडे आले, हे विचारल्याशिवाय ते कोणालाही पुढे सोडीत नसत. देवडीनंतर चौक, चौकानंतर सोपा, आणि मग कोठे पाहुणा आतल्या बैठकीपर्यंत पोहोचे. परत जाताना त्याला हीच वाट उलट्या क्रमाने चालावी लागे. ही जाण्यायेण्याची वाट ध्यानात ठेवा, कारण संगणकातही असाच एक वाडा असतो.

समजा, तुमच्या शाळेने पर्जन्यमापक बसवला आहे. रोजचा पाऊस मोजून गुरुजी तो शाळेच्या संगणकात नोंदवतात. गावातील शेतकऱ्यांच्या मोबाइलमधील अ‍ॅप त्या संगणकाला विचारते, "वर्षभराच्या नोंदी द्या." संगणक ३६५ दिवसांचे आकडे पाठवतो. त्यांचा तक्ता कसा आखायचा, रंग कोणता द्यायचा, हे अ‍ॅप ठरवते. संगणकाने फक्त माहिती द्यायची. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलण्याच्या अशा ठरावीक रीतीला एपीआय म्हणतात. आपल्या शाळेचा प्रोग्रॅम एवढेच काम करतो. पाहण्याची पाने तो तयार करीत नाही.

अ‍ॅपकडून आलेली मागणी मुख्य प्रोग्रॅमकडे थेट जात नाही. वाटेत लहान लहान प्रोग्रॅम ओळीने उभे असतात. एक मागणीची नोंद करतो, दुसरा ती कोणत्या पत्त्यावरून आली ते पाहतो, तिसरा आत काही चूक झाल्यास निरोप नीट शब्दांत बाहेर पाठवतो. मधल्या वाटेवर उभ्या असलेल्या या मंडळींना मिडलवेअर म्हणतात. उत्तर बाहेर जाताना त्यांच्यामधूनच, पण उलट्या क्रमाने जाते.

आता प्रश्न असा, की आपल्या वाड्यात असे पहारेकरी किती आणि कोणते बसवावेत?

याचे एक चांगले उदाहरण 'रूबी ऑन रेल्स' या साधनात सापडते. रूबी या भाषेत वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिण्यासाठी डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रॅमरने ते २००४ साली सर्वांसाठी खुले केले. सुरुवातीला ते मुख्यतः माणसांनी ब्राउझरमध्ये पाहायच्या पानांसाठी वापरले जाई. पुढे मोबाइल अ‍ॅप वाढली आणि पानांऐवजी नुसती माहिती मागणारे पुष्कळ झाले. म्हणून २०१६ मध्ये आलेल्या रेल्सच्या पाचव्या आवृत्तीत 'केवळ एपीआय' असा पर्याय देण्यात आला. तो निवडला की काही पहारेकरी आपोआप कमी होतात.

कोणते बरे? कुकी सांभाळणारा हा त्यांपैकी एक. कुकी म्हणजे ब्राउझरजवळ ठेवायला दिलेली ओळखचिठ्ठी. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर ती आपण होऊन दाखवतो. 'तुमची नोंद झाली' असा एकदाच दिसणारा निरोप पुढच्या पानापर्यंत जपून ठेवणारा दुसरा. आपल्या शाळेच्या संगणकाला पानेच नाहीत, मग हा निरोप दाखवायचा कोठे?

तुम्ही म्हणाल, "असेनात का बिचारे! बिघडते कोठे?" पण प्रत्येक मागणी प्रत्येकापुढे थांबते. एकाने घेतलेला वेळ अगदी थोडा असला, तरी तो हरेक मागणीला द्यावा लागतो. शिवाय जितके पहारेकरी, तितक्या चुकीच्या जागा.

म्हणून सगळेच काढून टाकावेत का? मुळीच नाही. समजा, गुरुजी ब्राउझरमधून पावसाची नोंद करतात आणि त्यासाठी तुम्ही कुकीचा पहारेकरी परत बसवला. आता एखाद्या लबाड संकेतस्थळाने गुरुजींच्या ब्राउझरकडून 'आजचा पाऊस ० मिलिमीटर' अशी मागणी गुपचूप पाठवली तर? चिठ्ठी आपोआप बरोबर गेली, तर शाळेच्या संगणकाला वाटेल, गुरुजीच आले! शेतकऱ्यांना खोटा आकडा मिळेल. आजचे ब्राउझर या युक्तीला बराच आळा घालतात, तरी त्यांच्यावर विसंबून चालत नाही. कुकी परत आणली, की अशी बनावट मागणी ओळखणारी तपासणीही परत आणली पाहिजे. 'केवळ एपीआय' पर्यायात तीही गाळलेली असते.

क्रमाचेही तसेच आहे. रेल्समध्ये ई-टॅग नावाचा पहारेकरी उत्तरावर शिक्का मारतो. हा शिक्का मजकुरावरूनच तयार होतो. मजकूर बदलला की शिक्का बदलतो. मोबाइल पुढच्या वेळी जुना शिक्का बरोबर आणतो. 'कंडिशनल गेट' नावाचा दुसरा पहारेकरी जुना आणि नवा शिक्का ताडून पाहतो. दोन्ही सारखे असले, तर ३६५ आकडे पुन्हा न पाठवता तो फक्त '३०४' हा संकेत पाठवतो. त्याचा अर्थ, 'काही बदललेले नाही.' शेतकऱ्याचा डेटा वाचतो.

यात शिक्के ताडणारा दरवाजाजवळ आणि शिक्का मारणारा त्याच्या आत बसतो. हे उलटे तर नाही ना? नाही! उत्तर आतून बाहेर येते, म्हणून आधी शिक्का बसतो आणि मग तो ताडला जातो. जागांची अदलाबदल केली, तर ताडणाऱ्यापुढे नवा शिक्काच येणार नाही आणि सगळे आकडे प्रत्येक वेळी जातील. गंमत अशी, की कोठेही चूक दिसणार नाही. फक्त डेटा उगाच खर्च होत राहील.

हे वर्गात करून पाहा. चार मित्र ओळीने उभे करा. पहिला नोंद करील, दुसरा शिक्के ताडील, तिसरा शिक्का मारील, आणि शेवटचा फळ्यावरचे आकडे कागदावर उतरवून देईल. पाचव्याने चिठ्ठी घेऊन आत जावे आणि उत्तर घेऊन परत यावे. मग दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या जागा बदला. त्यानंतर एकेकाला ओळीतून बाहेर काढा आणि प्रत्येक वेळी विचारा, "हा गेल्याने कोणाचे काय अडले?" ज्याच्याबाबत उत्तर 'काहीच नाही' असे येईल, त्याला खुशाल रजा द्या. पण हे विचारल्याखेरीज कोणालाही देवडीवरून उठवू नका!