घरटे सोडणाऱ्या पिलांसाठी

मार्गशीर्ष-पौषात आपल्या खाड्यांतून, पाण्यात उभ्या असलेल्या एखाद्या खांबावर, तपकिरी पाठीचा व पांढऱ्या पोटाचा एक पक्षी ताठ बसलेला दिसतो. ही मीनखाई घार. इंग्रजी नाव ऑस्प्रे. समुद्रापासून शेकडो मैल दूर, उज्जैनच्या माळव्यातील तलावांवर आणि चंबळेच्या पात्रावरही ती हिवाळा काढते. तिचे घरटे मात्र दूर उत्तरेकडे असते.

अशा घरट्यात काय घडते, हे स्कॉटलंडमधील लॉख गार्टनच्या काठी १९५९ पासून सामान्य माणसेही दुर्बिणीतून पाहत आली आहेत. पिलू घरट्याच्या कडेवर उभे राहून पंख फडफडविते, वाऱ्याबरोबर हातभर उचलले जाते आणि पुन्हा टेकते. जन्मानंतर सुमारे साडेसात आठवड्यांनी ते पहिली भरारी घेते. त्यानंतरही काही आठवडे बाप मासे आणून देतो. आई आधीच दक्षिणेची वाट धरते आणि पिलूही निघते ते एकटेच. पाय पुढे करून पाण्यावर झेपावण्याची विद्या ते चुकतमाकत आत्मसात करते. पहिल्याच वर्षी अनेक पिले दगावतात.

या उड्डाणाचे कौतुक सारेच करतात. आमच्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. पिलू जेथे उतरणार, तेथले पाणी कसे आहे? ही घार माशांवाचून दुसरे जवळजवळ काही खात नाही आणि पाण्यातील विष माशांतून तिच्या अंगी भिनते. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन अमेरिकेत तिची घरटी ओस पडली होती. १९७२ मध्ये त्यावर बंदी आल्यानंतरच ती सावरली.

उज्जैन ही सांदीपनींची नगरी. घर सोडून आलेल्या कृष्ण, बलराम व सुदामा यांना येथेच आश्रय मिळाला, असे परंपरा सांगते. त्याच नगरीच्या क्षिप्रेत इंदूरकडून येणारी कान्ह नदी वर्षानुवर्षे सांडपाणी आणीत आली. २०१६ च्या सिंहस्थात स्नानासाठी नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणावे लागले. पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. त्यासाठी नदी निर्मळ करण्याचे प्रयत्न स्वागतार्हच होत. परंतु पाखरे पर्वकाळ पाहून येत नाहीत. नदी बाराही महिने जिवंत हवी.

हे आम्ही उज्जैनकरांना दूषण देण्यासाठी लिहीत नाही. गावोगावची गटारे खाडीत सोडणाऱ्या किनारवासीयांना तो अधिकार नाही. आपल्याही घराघरांतील मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी परमुलखात जातात, तेव्हा तेथे कोणी त्यांना आसरा द्यावा, दोन घास प्रेमाने वाढावेत, अशी आपली अपेक्षा असते. मग आपल्या दारी एकट्याने आलेल्या पिलाला निदान स्वच्छ पाणी आणि त्यातला मासा मिळू नये काय? नगरपालिकांनी व ग्रामपंचायतींनी सांडपाणी शुद्ध केल्यावाचून खाडीत सोडू नये आणि नागरिकांनी त्याबाबत त्यांना सतत जाब विचारावा, एवढे आतिथ्य आपल्या हाती खासच आहे.