नराविना वंश : तळ्यातला आणि मिठागरातला

मुलगी झाली की आजही कित्येक घरांत सुनेकडे बोट दाखवले जाते. निसर्गात लिंग कसे ठरते हे समजून घेतले, तर हा दोष किती निराधार आहे ते ध्यानी येते. त्यासाठी कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी वर्गातील दोन लहान जीव पाहू.

पहिला जीव गावाजवळच्या तळ्यातला. पावसाळ्यानंतर भांडेभर पाणी उजेडात धरा. उड्या मारणारे बारीक ठिपके दिसतात. ती पाणपिसू. अन्न मुबलक असते तेव्हा मादी नराशिवायच पिले देते व त्या सगळ्या माद्याच असतात. यास अनिषेकजनन म्हणतात. पाणी आटू लागले, गर्दी झाली, की तीच मादी नरही जन्मास घालते. मग मीलनातून होणारी टणक अंडी कोरड्या चिखलात तग धरतात. येथे नर की मादी हे बहुधा परिस्थितीच ठरवते.

दुसरा जीव आर्टेमिया, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, मिठागराच्या खारट पाण्यात राहणारा. याचे लिंग गुणसूत्रांवर ठरते. माणसात स्त्री एक्स-एक्स व पुरुष एक्स-वाय असतो. आर्टेमियात उलट आहे : नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. कोंबड्यांतही असेच असते. अशी जोडी मुळात एकसारखीच असते. पुढे तिच्या काही भागातील देवघेव थांबते आणि दोन्ही गुणसूत्रे वेगळी होत जातात. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञांना 2022 साली असे आढळले, की झेड-डब्ल्यू जोडीतील एक छोटा वेगळा भाग सर्व आर्टेमियांत समान आहे. म्हणजे ही जोडी त्यांच्या समान पूर्वजापासून आली.

आर्टेमियाचे काही वंश केवळ माद्यांचे आहेत. भारतातील मिठागरांत असे वंश आढळतात. तरीही त्यांत क्वचित एखादा नर जन्मतो. हा नर लैंगिक जातीच्या मादीशी जुळला, तर पुढील पिढ्यांत नराविना प्रजननाची क्षमता उतरू शकते. त्यामागील एक कारण झेड गुणसूत्रावर असावे, असे त्याच अभ्यासातून दिसले.

मग नर हवेत कशाला? नराविना वंश झपाट्याने वाढतो. पण दोन पालकांच्या गुणांची सरमिसळ होत नाही, घातक बदल साचत जातात. म्हणून बहुतेक जीवांनी दोघांची वाट धरली.

आता आपल्या घराकडे वळू. आर्टेमियात पिलाचे लिंग मातेच्या गुणसूत्राने ठरते, माणसात पित्याच्या. त्यातही पित्याची इच्छा चालत नाही. एक्स मिळेल की वाय, हा योगायोग. मग सुनेचा दोष कोणता? महाराष्ट्राने 1988 साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, 1994 साली देशाचा कायदा आला. कायदा दवाखान्याच्या दारात पहारा देईल. घरातला टोमणा मात्र आपणच थांबवायचा आहे.